घरचा डेस्कटॉप असेंबल करताना पैसा आधी कुठे घालावा

भाचीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, त्याच आठवड्यात भावोजींनी एका दुकानातून आणलेले कोटेशन माझ्या हातात दिले. त्यावर पाच ओळी होत्या : आय७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, २ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटच्या एसएमपीएससह (वीज पुरवणाऱ्या युनिटसह) कॅबिनेट. मदरबोर्डचा उल्लेख नव्हता, एकाही भागाचा मॉडेल नंबर दिलेला नव्हता, आणि खालची रक्कम इतकी कमी होती की घरात सगळ्यांनाच ते कोटेशन पसंत पडले होते. मला मात्र काळजी वाटली, कारण त्यातली एकही ओळ उघडपणे खोटी म्हणता येण्यासारखी नव्हती, आणि तरीही त्या पाच ओळींतून उभा राहणारा कॉम्प्युटर तिला दोन वर्षेसुद्धा धड पुरला नसता. असे कोटेशन अनेक घरांत येते. म्हणून तेच पुढ्यात ठेवून कमी पैशांत चांगला कॉम्प्युटर कसा जुळवायचा ते सांगतो.

सर्वांत आधी काम ठरवावे लागते. भाचीचे काम म्हणजे ब्राउझरमध्ये एकाच वेळी पंधरा-वीस टॅब, ऑनलाइन लेक्चर, प्रोग्रॅमिंग, प्रोजेक्टचे अहवाल आणि अधूनमधून थोडे कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरची इंजिनिअरिंग ड्रॉइंग. संध्याकाळी भावोजींचे टॅली आणि रविवारी घरच्यांचे सिनेमे. यात मोठे गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंगचा व्यवसाय नाही. काम एवढे स्पष्ट झाले की पुढचे निर्णय मी एकाच कसोटीवर घेतो. जो भाग नंतर कधीही पाच मिनिटांत लावता येतो, त्यावर आज हात आखडता घ्यावा. जो बदलायचा म्हटल्यास सगळे उपसावे लागते, किंवा जो बिघडला तर शेजारच्या भागांनाही सोबत नेतो, त्यावर आज पुरेसा खर्च करावा.

आता पहिली ओळ. ‘आय७’ हे एका प्रोसेसरचे नाव नव्हे, तो इंटेलने वर्षानुवर्षे वापरलेला वर्ग आहे, आणि त्या वर्गात पंधरा वर्षांपूर्वीची चिपही बसते. फोन करून विचारल्यावर दुकानदाराने मॉडेल सांगितले : आय७-२६००. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरमधून असे प्रोसेसर काढले जातात, त्यांच्यासाठी नव्याने बनवलेल्या स्वस्त मदरबोर्डवर बसवले जातात आणि ‘आय७’ म्हणून विकले जातात. त्याच्याशेजारी जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय३-१२१०० ठेवून पाहा. दोघांतही चार कोअर (काम करणारी केंद्रे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी पेलता येणारे कामाचे धागे) आहेत. मूळ वेग जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्‌झ आणि नव्याचा ३.३ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे कागदावर जुनाच सरस दिसतो. प्रत्यक्षात नवा कितीतरी पुढे आहे, कारण गिगाहर्ट्‌झ हा आकडा फक्त सेकंदाला किती ठोके पडतात ते सांगतो, एका ठोक्यात किती काम उरकते ते सांगत नाही. अकरा वर्षांत प्रोसेसर एका ठोक्यात जास्त सूचना हाताळायला शिकले, पुढची सूचना कोणती येणार याचा त्यांचा अंदाज अचूक झाला आणि त्यांच्यामागची मेमरीही वेगवान झाली. शिवाय जुन्याची वॅटमर्यादा ९५ आहे आणि नव्याची मूळ मर्यादा ६०. त्यातच विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीआधीचे इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही, आणि विंडोज १० चा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे नव्याने विकत घेतलेल्या त्या ‘आय७’वर पहिल्या दिवसापासूनच सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला असता.

म्हणून कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यावा आणि तो वाचायला शिकावे. आय३-१२१०० मधले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे बारावी. आय७-२६०० मध्ये पिढीसाठी एकच आकडा आहे, म्हणजे दुसरी. शेवटी ‘एफ’ असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही आणि वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या नावातला ‘जी’ नेमका उलटा अर्थ सांगतो : आतले ग्राफिक्स चांगल्या ताकदीचे आहे. नावाने जवळचाच असलेला रायझन ५ ५५०० मात्र ग्राफिक्सविना येतो, आणि एवढ्याशा फरकामुळे लोक अडचणीत आलेले मी पाहिले आहेत. भाचीसाठी मी ५६००जी सुचवला. त्यात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि कार्डाचा खर्च वाचतो. बजेट याहून कमी असते, तर ‘एफ’ नसलेला आय३-१२१०० मी निःशंकपणे घेतला असता.

इथेच ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’ ही ओळ आपोआप गळते. अशा कोटेशनमध्ये बहुधा जीटी ७१० सारखे, दहाएक वर्षांपूर्वीच्या पिढीचे कार्ड असते. २ जीबी हा त्याच्यावरच्या मेमरीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. ५६००जीच्या पोटातले ग्राफिक्स या कार्डापेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे. कार्ड हा नंतर लावता येणाऱ्या भागांचा उत्तम नमुना आहे : मदरबोर्डवरची लांब खाच रिकामी राहते, आणि तिसऱ्या वर्षी भाचीला थ्रीडी मॉडेलिंग किंवा मशीन लर्निंग करावेसे वाटले, तर त्या वेळच्या भावात त्या वेळचे कार्ड तिथे बसते. त्यासाठी आज फक्त एसएमपीएसमध्ये थोडी जागा राखून ठेवायची. त्याकडे पुढे येतो.

मदरबोर्ड कोटेशनमधून वगळला जातो, कारण तो गिऱ्हाइकाला मोहवत नाही. पण पुढे काय जोडता येईल हे सगळे तोच ठरवतो. प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, ते सॉकेट बोर्डवर असले पाहिजे : ५६००जीला एएम४ आणि आय३-१२१००ला एलजीए १७००. एएम४ बोर्डांत ए५२० हा साधा आणि बी५५० हा वरचा चिपसेट, म्हणजे बोर्डवरच्या जोडण्या सांभाळणारी चिप. आमच्या कामाला ए५२० पुरेसा होता. जुन्या बी४५० बोर्डावरही हा प्रोसेसर चालतो, मात्र बोर्डाचे बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, जुने असेल तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि गिऱ्हाइकाला प्रोसेसर खराब आहे असे वाटते, म्हणून बायोस अपडेट करूनच बोर्ड ताब्यात द्यावा असे दुकानदाराला आधी सांगून ठेवावे. एएमडीचे २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट घ्यावे का, असे मला नेहमी विचारले जाते. त्या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणून पुढे प्रोसेसर बदलण्याचा खरोखरच इरादा असेल तर ते योग्य आहे. पण घरगुती कॉम्प्युटरचा प्रोसेसर सहसा कोणी बदलत नाही, तो सात-आठ वर्षे तसाच चालतो, आणि एएम५ फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम स्वीकारते, आधीच्या पिढीची डीडीआर४ नाही. तंग बजेटमध्ये मला ती किंमत पटत नाही.

रॅमच्या बाबतीत सध्याचा काळ कठीण आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांची क्षमता आपल्याकडे ओढून घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांतल्याच मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे घरात जुना डेस्कटॉप पडलेला असेल आणि त्यात डीडीआर४ रॅम असेल, तर आज तिला खरे मोल आहे आणि केवळ तेवढ्यासाठी डीडीआर४ चा बोर्ड निवडणे शहाणपणाचे ठरते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपमध्ये अजिबात चालत नाही.

रॅम किती घ्यायची ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतः पाहता येते. भावोजींच्या जुन्या ८ जीबीच्या मशीनवर वीस टॅब आणि एक ऑनलाइन लेक्चर सुरू केले, तेव्हा मेमरीचा आकडा आठाला टेकत आला आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन थबकला. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवून जागा करते आणि हवा असेल तेव्हा परत आणते. ही ये-जा सुरू झाली की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. १६ जीबीवर हे काम आरामात होते. आतले ग्राफिक्स स्वतःसाठी याच रॅममधला वाटा घेते, हेही हिशोबात धरावे लागते.

१६ जीबीची एक पट्टी घ्यावी की ८-८ च्या दोन, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये दोन वाटा असतात आणि एकच पट्टी लावली की एकच वाट वापरली जाते. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, दोन वाटा उघडल्या की ५१.२ जीबी. टंकलेखनाला याचा फरक पडत नाही, पण ५६००जीचे ग्राफिक्स सगळे काम याच वाटांनी करत असल्यामुळे एका पट्टीवर ते निम्म्या पुरवठ्यावर जगते. चार खाचांच्या बोर्डवर या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत शेजारी-शेजारी बसवल्या, तर दोन पट्ट्या असूनही वाट एकच राहते. आज ८ जीबीचेच पैसे असतील, तर ४-४ च्या दोन पट्ट्या घेऊ नयेत. ८ ची एक घ्यावी, तिचा नेमका मॉडेल नंबर जपून ठेवावा आणि जोडीची दुसरी पुढे घ्यावी.

हार्ड डिस्कच्या ओळीवर मी सरळ काट मारली. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे हवा असलेला मजकूर सुईखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात, आणि सुई त्या वर्तुळापर्यंत सरकायला आणखी आठ-नऊ. या हिशोबाने ती डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरच्या आतच वेळा काही उचलू शकते, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली अशाच विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. कॉम्प्युटर ‘चपळ’ वाटतो तो बव्हंशी या एका बदलामुळे, म्हणून कितीही काटकसर असली तरी विंडोज एसएसडीवरच असावे. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीची, तिसऱ्या पिढीतली, ३,५०० एमबीपर्यंत. घरच्या कामात हा पुढचा फरक क्वचितच जाणवतो, पण किमती फारशा दूर नसतील तर बोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई घ्यावी, कारण तिला वायर लागत नाही. ‘एम.२’ हे फक्त आकाराचे नाव आहे आणि त्या आकारात दोन्ही प्रकार मिळतात, हे विचारून घ्यावे. ५०० जीबी आज पुरते. भावोजींच्या जुन्या मशीनमधली १ टीबीची डिस्क आम्ही फोटो आणि बॅकअपसाठी नव्यात लावली.

राहिला तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि कोटेशनमध्ये तो कॅबिनेटच्या ओळीत ‘सोबत’ म्हणून आला होता. एसएमपीएस घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर डीसी वीज देतो. प्रोसेसर, डिस्क, बोर्ड, सगळे त्याच्याच पानावर जेवतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज भलते वाढले, प्रवाह मर्यादेपलीकडे गेला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर तत्काळ बंद होण्याची सोय असते. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्तातल्या युनिटमध्ये खर्च वाचवला जातो तो नेमका इथे, आणि असा एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि डिस्कही जाळून जाऊ शकतो.

दुकानात ते कॅबिनेट मी उघडायला लावले. एसएमपीएसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिले होते. त्याच लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली मात्र १६ ॲम्पिअर होते. आजच्या कॉम्प्युटरचा जवळपास सगळा भार १२ व्होल्टवरच असतो, म्हणून व्होल्टला ॲम्पिअरने गुणले की खरी ताकद कळते : १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. शेजारच्या शेल्फवरच्या एका नावाजलेल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या युनिटवर तोच आकडा ३६ ॲम्पिअर होता, म्हणजे ४३२ वॅट. दोन्ही युनिट हातात घेतल्यावर वजनातला फरकही लगेच जाणवला. कोणत्याही दुकानात हा तक्ता वाचायला अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट प्रत्येकाने द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

५६००जी पूर्ण भारावर साधारण ८८ वॅटपर्यंत जातो, आणि बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरूनही हे मशीन दीडशे वॅटच्या आसपासच राहते; तरीही प्रामाणिक ४५० वॅट घ्यावे, कारण पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड लावायचे तर एसएमपीएस बदलावा लागणार नाही. ‘८० प्लस ब्राँझ’ या खुणेचा अर्थ निम्म्या भाराला साधारण ८५ टक्के वीज कामी लागते आणि उरलेली उष्णता होऊन जाते, एवढाच आहे. ती कार्यक्षमतेची खूण आहे, संरक्षणाची हमी नाही. म्हणून खुणेसोबत कंपनीने किती वर्षांची वॉरंटी दिली आहे तेही पाहावे.

एसएमपीएसच्या विषयाला लागूनच अर्थिंगचा विषय येतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येते की लोकांना तीच रीत वाटू लागली आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग जोडलेले असले की त्यांतून येणारा अगदी क्षीण प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसले की पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर लोंबकळतो आणि तो प्रवाह आपल्या हातातून वाट शोधतो. म्हणजे दोष बहुधा भिंतीतल्या सॉकेटचा असतो. तीन पिनांच्या वायरीला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावू नये, आणि नवा कॉम्प्युटर घरी आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.

वीज जाते-येते अशा गावी यूपीएसही बजेटमध्ये धरावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, आणि मॉनिटरसह या मशीनला तो फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ सहज मिळवून देतो. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावर बहुतेक वेळा यूपीएस मोडचे बटण असते. ते चालू ठेवले की वीज बदलताना लागणारा वेळ कमी होतो. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंदांची खंडितता पोटात सामावून घेतो, हलका एसएमपीएस तेवढी घेत नाही आणि मशीन रिस्टार्ट होते.

कॅबिनेटवर मी कमीत कमी खर्च करतो, पण पुढच्या बाजूला जाळी आणि हवा आत घेणारा एक पंखा असल्याशिवाय घेत नाही. समोर अखंड काच आणि त्यामागे रंगीत दिव्यांचे पंखे असले की पंख्यांना ओढायला हवाच मिळत नाही, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना ते परवडत नाही. मॉनिटर २२ किंवा २४ इंची, आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणाऱ्या) पॅनेलचा घ्यावा; डोळे रोज त्याच्यावरच असतात आणि कॉम्प्युटर बदलला तरी तो टिकतो.

एवढे करूनही बेरीज बजेटबाहेर गेली, तर मी आधी कॅबिनेट साधे करतो, मग ५६००जीच्या जागी आय३-१२१०० आणि त्याला शोभेल असा एच६१० बोर्ड घेतो, आणि शेवटी रॅमची एक पट्टी पुढे ढकलतो. एसएमपीएस आणि एसएसडीला हात लावत नाही.

खरेदीसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, आजही सोयीचा आहे, कारण तिथे तीन-चार दुकानांत फिरून मॉडेल नंबरनिशी भाव मिळतो आणि मग ऑनलाइन भावाशी ताडून पाहता येतो. ‘बिलाशिवाय घेतलेत तर कमी करतो’ असे कोणी म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे. १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, कारण असेंबल केलेल्या कॉम्प्युटरला एकसंध वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची वेगळी आणि वेगवेगळ्या मुदतीची असते, आणि सर्व्हिस सेंटरवर प्रश्न सिरियल नंबरचाच येतो. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्यावा, सुटा नको.

दुकानातून निघण्याआधी आम्ही मशीन तिथेच सुरू करून बायोसमध्ये प्रोसेसरचे नाव, १६ जीबी आणि दोन्ही वाटा चालू आहेत ना ते पाहिले. रॅमचा वेग २६६६ दिसत होता. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर चालवणारी बायोसमधली सोय, चालू केल्यावर तो ३२०० झाला. घरी आल्यावर भाचीने एका कागदावर प्रत्येक भागाचे मॉडेल, सिरियल नंबर आणि वॉरंटी संपण्याची तारीख लिहून तो कागद कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला आतून चिकटवला, आणि त्याच्या तळाशी रिकाम्या राहिलेल्या जागांची नोंद केली : रॅमच्या दोन खाचा, साटाचे तीन पोर्ट, ग्राफिक्स कार्डाची एक खाच.